पीयूषिका

ओपीडीबाहेर एक तक्ता होता, कोपरे फाटलेला.
मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे
वाटाण्याएवढं काहीतरी लोंबत होतं,
खाली मराठीत नाव : पीयूषिका ग्रंथी.
मला दादरचं पियूष आठवलं,
जायफळाचं, गार, स्टीलच्या पेल्यातलं.
मग हसूच आलं.
मी तिथे आले होते ते दुधासाठीच.

बेचाळिसाव्या वर्षी, लग्न नाही, मूल नाही,
पार्ल्याच्या दुकानात कुणाच्या तरी नारायणपेठीला
फॉल लावताना ब्लाऊज ओला.
आधी वाटलं घाम.
मग वाटलं ते, ज्याचं आमच्याकडे नाव घेत नाहीत.
पाळी सात महिने गायब होती,
तिची चौकशी मी केली नव्हती. बरंच वाटलं होतं.

डॉक्टर बोंद्रे म्हणाल्या, गाठ आहे, पण साधी आहे.
साधी. जशी साधी पोळी, साधी साडी.
चौदा मिलिमीटर.
मी माप बटणात घेतलं :
शर्टाचं नाही, कोटाचंही नाही, मधलं.
अर्धी गोळी, आठवड्यातून दोनदा, म्हणाल्या.
गोळीने पोटात ढवळायचं, उठताना भिंत धरावी लागायची.

नलूवहिनी म्हणाली, गव्हांकुर.
समोरचे लेले म्हणाले, नाकात गाईचं तूप, दोन-दोन थेंब, उशी काढून.
ऑपरेशनची वेळ आलीच तर
तेही नाकातूनच, असं बोंद्रेबाई म्हणाल्या होत्या.
म्हणजे वाट एकच.
तूप जाणार की दुर्बीण, एवढाच प्रश्न.

मी गोळी बंद केली.
कुणाला न सांगता, जसं दूध कुणाला सांगितलं नव्हतं.
खिडकीच्या जाळीत गव्हाचे ट्रे,
पहाटे भ्रामरी, घशातून मशीनच्या मोटरसारखा आवाज.
जवस. अश्वगंधा. दहाला झोप.
झोप खरंच छान लागायची, ते खोटं कशाला सांगू.
गव्हांकुर निम्मे कबुतरांनी खाल्ले.
कबुतरं ठणठणीत आहेत.

अकराव्या आठवड्यात हनुमान रोडवर
उजवीकडून केळ्यांची हातगाडी आली.
आली म्हणजे, होतीच.
मला नव्हती.
रस्ताभर केळी, भय्या ओरडतोय, आंधळी आहेस का,
आणि मी रस्त्यातच उभी राहून हळूहळू बघतेय :
कुणीतरी जगाच्या दोन्ही कडा आत दुमडून
टीप मारून टाकलीय.
इतकी सफाईदार, की उसवेपर्यंत
कापड कमी झालंय हे कळलंच नव्हतं.

बोंद्रेबाई ओरडल्या नाहीत.
"किती आठवडे?"
"अकरा."
त्यांनी अकरा लिहिलं.
मग म्हणाल्या, भ्रामरी करा, झोपा, चाला,
तूप वरणभातावर घ्या.
गोळी मला विचारल्याशिवाय सोडायची नाही.

सोमवार माझ्या आईचा होता, गुरुवार मावशीचा.
मी आयुष्यात उपास धरला नाही.
आता दोन्ही वार धरलेत,
अर्ध्या अर्ध्या गोळीवर,
रात्री, पोटभर जेवून.

दूध महिन्याभरात आटलं.
त्या दिवशी थोडं वाईट वाटलं.
हे मी नलूवहिनीला सांगणार नाही.

आज पुन्हा नजरेची तपासणी.
अंधारी खोली, पांढऱ्या वाडग्यात हनुवटी,
मधल्या ठिपक्यावर डोळा,
कडेला कुठे उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं.
इथे. इथे. बराच वेळ काही नाही. इथे.
एकदा काहीच नव्हतं तरी मी दाबलं.

यंत्राला ते कळतं.
कागदावर येतं : खोटी उत्तरं, एक.
तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, चालतं हो, सगळेच दाबतात.

ते एक कुठलं, मला माहीत आहे.
उजवीकडे, अगदी काठाला,
जिथे केळी होती.